आतला हात

खानापूरची सकाळची बस
तळेगाळीच्या फाट्यावर मला उतरवून गेली.
पिशवीत एकवीस फॉर्म, कन्नडात छापलेले.
मी विचारणार मराठीत,
लिहिणार पुन्हा कन्नडात.
इकडे त्यात विशेष काही नाही.
इकडे माणूस वांगी एका भाषेत निवडतो
आणि सुट्टे पैसे दुसऱ्या भाषेत मोजतो.

"गावात कला काय काय आहे?"
वाट दाखवायला आलेलं पोरगं म्हणालं,
"हाय की. देवळाला नवी कमान हाय.
ऑइलपेंट मारलाय."

बुरुडाच्या ओट्यावर अर्धं विणलेलं सूप.
बुरूड पणजीला, सेंट्रिंगच्या कामावर.
सुपाच्या मोकळ्या काड्या
वाऱ्याने एकमेकींवर वाजत होत्या.
मी लिहिलं: घर बंद.

शट्टुप्पा सातेरी कुंभार मात्र चाकावर होता.
चाक सरकारी, विजेवरचं.
"बेस फिरतंय, खरं दुपारी करंट जातोय."
वय? "लिवा साठ."
शिक्षण? तो हसला.
हातातल्या चिखलाकडे बघून म्हणाला, "हेच की."

मडकं दोऱ्याने कापून उतरवलं
तर त्याला बूडच नव्हतं.
जाड, आखूड, वर तोंड आणि खाली भोक.
हे मला ठाऊक नव्हतं.
चाळीस वर्षं माठातलं पाणी पिऊन
हे मला ठाऊक नव्हतं.

ते उचललं नागूबाईने.
मांडीवर राख भुरभुरली,
डावा हात आत घातला, मुठीत दगड.
उजव्या हातात फळी.
थप, थप, थप.
बाहेरून मार, आतून आधार.
भिंत पातळ होत गेली, पोट फुगत गेलं,
आणि खालचं भोक
मिटत आलेल्या डोळ्यासारखं
हळूहळू बंद झालं.

"चाकावर बसलाय कधी?"
"न्हाई बा. बायकांनी शिवायचं नसतंय."
आज उन्हाचा ताव आहे, असं म्हणावं
तसं म्हणाली.

"आत दिसत नाही, मग थांबायचं कसं कळतं?"
"आवाज बदलतोय की."
तिने मला ऐकवला. दोन वेळा.
मला दोन्ही सारखेच वाटले.

दगड दाखवला. काळा, लिंबाएवढा.
एका बाजूला अंगठ्याची खोबण पडलेली.
"आईचा. तिच्या आईचा असंल.
माझं माहेर चंदगडाकडं.
लग्नात लुगड्यात गुंडाळून चोरून आणला.
भावजय अजून बोलतीया."
नाक्यावर ट्रक अडतात, ऊस अडतो.
या दगडाची पावती
कुणी मागितली नव्हती.

फॉर्मवर रकाना एकच: कारागिराचे नाव.
खाली बारीक अक्षरात: मदतनीस, असल्यास, संख्या.
मी पेन धरून बसले.
तेवढ्यात वारा आला, कागद उडाला,
तिने पटकन दगड त्यावर ठेवला.
ओला दगड, ओला चिखल.
उचलला तेव्हा "संख्या"वर
एक गोल तांबूस डाग राहिला.

बेळगावच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणाले,
"मॅडम, हा फॉर्म चालणार नाही. नवा भरा."
मी नवा भरला.
स्वच्छ अक्षरात, एक नाव. मदतनीस: १.

त्या रात्री स्वयंपाकघरात
माठावरचं झाकण काढलं, ओगराळं बाजूला ठेवलं
आणि हात कोपरापर्यंत आत घातला.
बाहेरून गुळगुळीत असलेला माठ
आतून सगळा खळग्यांचा होता,
उथळ, एकाला एक लागून.
कुणाचे ते कळायला मार्ग नाही,
तो माठ मी शनिवारच्या बाजारातून आणलेला.
मोजायला लागले.
तीस की एकतीस झाले
आणि बोटं गारठली.